कौटुंबिक प्रार्थना आणि ख्रिस्ती शील: या चुका टाळा

घरात रोज प्रार्थना होते, बायबलचे वाचनही होते, तरीही आवाजातली चीड, लागट बोलणे आणि मनातली अढी तशीच राहते, अशी खंत अनेक ख्रिस्ती पालकांना असते. अशा वेळी प्रार्थना अधिक लांबवावी, असे वाटते. परंतु अडचण बहुधा वेळेची नसते. आपण देवाजवळ बदल मागतो तो स्वतःमध्ये की घरातल्या इतरांमध्ये, हे आधी तपासून पाहावे.

प्रार्थनेच्या आडून उपदेश

सर्वांत जास्त नुकसान करणारी चूक हीच आहे. ‘प्रभू, याचा आळस काढून टाक, याला आज्ञाधारक कर’ असे मुलासमोर म्हटले की शब्द देवाला उद्देशून असले तरी रोख मुलाकडे असतो, आणि डोळे मिटून बसलेल्या मुलाला तो अचूक कळतो. हळूहळू त्याला प्रार्थना म्हणजे उलट उत्तर न देता ऐकून घ्यायची बोलणी वाटू लागतात. बायबलमधील लूक 18 मध्ये येशूने सांगितलेल्या दाखल्यातील परूशी, म्हणजे धर्मनियम काटेकोर पाळणारा यहूदी, मंदिरात उभा होता, पण प्रार्थना करताना त्याची नजर जकातदाराच्या, म्हणजे लोक पापी समजत त्या कर वसूल करणाऱ्याच्या, पापांवर होती. जकातदाराने मात्र केवळ स्वतःसाठी दया मागितली आणि तोच नीतिमान ठरून घरी गेला.

म्हणून एकत्र प्रार्थना करताना प्रत्येकाने आपल्याच उणिवा देवापुढे मांडाव्यात आणि सुरुवात मोठ्यांनी करावी. मुलाच्या दोषांबद्दल एकांतात कळकळीने प्रार्थना करावी. त्याच्यासमोर त्याच्याबद्दल देवाचे उपकार मानावेत. मोठ्यांची कबुली मोघम नसावी. ‘आज मी तिचे म्हणणे पूर्ण न ऐकताच रागावलो, मला क्षमा कर’ असे वडील म्हणतात आणि नंतर मुलीचीही क्षमा मागतात, तेव्हा नम्रता म्हणजे काय, हे तिला वेगळे शिकवावे लागत नाही. मात्र पैशांच्या विवंचना किंवा पतिपत्नींमधील वाद मुलांसमोर उघडे करू नयेत; ते ओझे त्यांचे नव्हे. तसेच मुलांकडून बळजबरीने कबुली वदवून घेऊ नये.

भांडण तसेच ठेवून प्रार्थनेला बसणे

वेदीजवळ अर्पण आणल्यावर आपल्या भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काही आहे असे आठवले, तर अर्पण तेथेच ठेवून आधी समेट करावा, असे प्रभू येशूने सांगितले (मत्तय 5:23-24). पत्नीला मान न दिल्यास पतीच्या प्रार्थनेत व्यत्यय येतो, असा इशारा येशूचा शिष्य पेत्र याने दिला आहे (1 पेत्र 3:7). याचा अर्थ मन पूर्ण शांत होईपर्यंत प्रार्थना बंद ठेवावी असा नाही, कारण त्यामुळे अबोला लांबतो. ‘माझे चुकले’ एवढे प्रामाणिकपणे म्हणून सुरुवात करता येते. येथे एक गोष्ट स्पष्ट करणे आवश्यक वाटते: घरात मारहाण किंवा छळ होत असेल, तर क्षमेच्या नावाखाली कोणालाही गप्प बसवू नये. तेथे आधी सुरक्षितता आणि विश्वासू माणसांची मदत हवी.

मोघम मागणी

‘आम्हाला चांगले बनव’ ही प्रार्थना खोटी नाही, पण ती दिवसभरातल्या कोणत्याही प्रसंगाला भिडत नाही. गलतीकरांस 5:22-23 मध्ये आत्म्याच्या फळाची, म्हणजे पवित्र आत्मा माणसात घडवतो त्या गुणांची, 9 अंगे सांगितली आहेत. त्यांतील एखादे, समजा सौम्यता, घेऊन घरातल्या नेमक्या अवघड वेळेशी जोडावे: सकाळच्या घाईत किंवा अभ्यासावरून वाद होतो तेव्हा. पारसाच्या राजाच्या सेवेत असलेल्या नहेम्याने राजाचा प्रश्न आणि आपले उत्तर यांच्यामधल्या क्षणात स्वर्गीय देवाची प्रार्थना केली (नहेम्या 2:4). तिखट उत्तर ओठांवर आलेले असताना ‘प्रभू, मला साहाय्य कर’ एवढेच मनात म्हणणे हीसुद्धा प्रार्थनाच आहे. हे फळ पवित्र आत्म्याचे आहे. केवळ निग्रहाने ते येत नाही, म्हणूनच ते त्या त्या क्षणी मागायचे असते.

लहान मुले असतील तर प्रार्थना आटोपशीर ठेवावी. येशूने शिष्यांना शिकवलेली ‘प्रभूची प्रार्थना’ मिनिटभरात म्हणून होते. खोडी केली म्हणून शिक्षेदाखल प्रार्थनेला बसवणे तर कटाक्षाने टाळावे. मुलाने दुःख किंवा राग देवाला सांगितला, तर त्याला लगेच गप्प करू नये. ‘हे परमेश्वरा, कोठवर?’ असा आक्रोश स्तोत्र 13 मध्येही आहे.

शेवटची चूक म्हणजे लवकर परिणाम शोधणे. संकटाने धीर, धीराने शील आणि शीलाने आशा, असा क्रम प्रेषित पौल देतो (रोमकरांस 5:3-4). त्यात शील धीरानंतर येते. त्यामुळे ‘इतकी प्रार्थना करूनही तू तसाच’ हे वाक्य घरात कोणीही कोणाला ऐकवू नये. आजारपणात किंवा कामाच्या धबडग्यात काही दिवस खंड पडला, तर राहिलेल्या प्रार्थनांची भरपाई करत बसण्याचे कारण नाही. ज्या दिवशी सर्वजण पुन्हा एकत्र येतील, त्या दिवशी एक छोटे वचन वाचून सरळ पुढे सुरू करावे.