कॉम्प्युटर सारखा बंद पडतोय? आधी वेळ लिहून ठेवा

गेल्या श्रावणात एका देवस्थानचे खजिनदार काका गोव्यात फोंड्याला माझ्या दुकानात सीपीयू घेऊन आले. म्हणाले, "बाय, दोनदा फॉरमॅट मारून झालं, तरी बंद पडतोच." मी विचारलं, "किती वाजता?" काका जरा थांबले. "संध्याकाळचाच गो. आरतीच्या सुमारास."

दोन दिवस तो माझ्या टेबलावर चालू ठेवला, एकदाही बंद पडला नाही. तिसऱ्या दिवशी मीच देवळात गेले. सात वाजले, आरतीची तयारी झाली आणि दीपस्तंभावरचे फोकस, माळा, अॅम्प्लिफायर सगळं एकदम सुरू झालं. ऑफिसातला पंखा मंदावला, यूपीएस 'टिक्' वाजला आणि स्क्रीन काळी! व्होल्टेज पडल्याबरोबर यूपीएस बॅटरीवर जायचा आणि बॅटरी केव्हाच मेलेली होती. १२ व्होल्ट ७ एएचची नवी बॅटरी घातली, वायरमनने ऑफिसची लाइन फोकसपासून वेगळी केली, काम झालं. पण त्या दोन फॉरमॅटमध्ये चार वर्षांच्या पावत्यांची नोंद गेली होती. काका चतुर्थीपर्यंत जुनी पावतीपुस्तकं घेऊन ती पुन्हा टाइप करत बसले. त्याचं मला अजून वाईट वाटतं, म्हणून हे लिहिते आहे.

पहिलं काम, मशीन चालतंय तोवर फाइली बाहेर काढा. हिशेब, फोटो, नाटकाची संहिता, मुलांचे दाखले, जे पुन्हा मिळणार नाही ते आधी पेन ड्राइव्हवर घ्या. हार्ड डिस्कमधून टक-टक आवाज येत असेल तर मात्र तेही करू नका. लगेच बंद करा आणि जाणकाराकडे न्या. अशा डिस्कवर दुरुस्तीचे प्रोग्रॅम चालवले की उरलेला डेटाही जातो.

मग एक वही घ्या. बंद पडला की तारीख, वेळ, तेव्हा काय चालू होतं आणि कसा बंद पडला, एवढं लिहा. 'कसा' हे सगळ्यात महत्त्वाचं. कोणी प्लग उपटल्यासारखा झटकन काळा झाला, तर बहुधा वीज किंवा उष्णता. निळी पाटी येऊन काही अक्षरं दिसली, तर रॅम (चालू कामाची माहिती धरून ठेवणारी पट्टी), ड्रायव्हर (प्रिंटर, ग्राफिक्स असे भाग चालवणारा छोटा प्रोग्रॅम) किंवा डिस्क. विंडोज ११ च्या नव्या आवृत्त्यांत ही पाटी काळी असते, त्यामुळे 'नुसती काळी झाली' असं लिहिण्याआधी तिच्यावर अक्षरं होती का ते नीट पाहा. चित्र जागच्या जागी गोठलं आणि माउसही हलेना, तर डिस्क, रॅम किंवा ग्राफिक्सकडे बघायचं. आठ-दहा नोंदी झाल्या की वही स्वतःच बोलू लागते.

आता वीज. आपल्याकडे मी सुरुवात नेहमी इथूनच करते. यूपीएस तपासायला पैसे लागत नाहीत. काम सेव्ह करा आणि यूपीएसचा प्लग भिंतीतून काढा. कॉम्प्युटर पाच-दहा मिनिटं तरी चालला पाहिजे. लगेच मान टाकली तर बॅटरी गेली. ती साधारण दोन-तीन वर्षंच टिकते, यूपीएसवरचा हिरवा दिवा लागतो म्हणून ती चांगली आहे असं समजू नका. लेझर प्रिंटर यूपीएसवर कधीही लावू नका. पान छापताना त्याचा हीटर इतका करंट ओढतो की छोटा यूपीएस तिथेच बसतो. 'प्रिंट दिली की कॉम्प्युटर बंद होतो' ही तक्रार घेऊन शाळांचे कारकून माझ्याकडे येतात, तेव्हा मी आधी प्रिंटरची वायर कुठे जाते ते विचारते.

कॅबिनेटला हात लावल्यावर मुंग्या आल्यासारखं होतं का? मग अर्थिंग नाही. एसएमपीएसच्या, म्हणजे कॅबिनेटमधल्या वीज पुरवणाऱ्या डब्याच्या, आत फिल्टरचे छोटे कपॅसिटर असतात, त्यांतून गळणारा करंट अर्थिंगमधून जमिनीत जायचा असतो. वाट नसेल तर तो पत्र्यावर थांबतो आणि आपल्या बोटांतून जातो. जांभ्या दगडाच्या पठारावरच्या घरांत एप्रिल-मेमध्ये अर्थिंगचा खड्डा पार सुकतो, त्यात पाणी घालावं लागतं. वायरमनकडून न्यूट्रल आणि अर्थ यांच्यामधलं व्होल्टेज मोजून घ्या. दोन-तीन व्होल्टांच्या आत असलं तर ठीक.

मृगाच्या आधी आणि पुन्हा ऑक्टोबरात गडगडाट सुरू झाला की प्लग भिंतीतून काढायचा, नुसतं बटण बंद करून भागत नाही. इंटरनेटची लॅनची वायरसुद्धा काढा. फायबरमधून वीज येत नाही हे खरं, पण राउटरचा अॅडॅप्टर भिंतीलाच लावलेला असतो आणि तिथून लॅनमार्गे ती मदरबोर्डपर्यंत पोचते.

दुसरं कारण ओल. चिऱ्याची बाहेरची भिंत पावसाळ्यात पाझरते आणि सीपीयू तिलाच टेकून जमिनीवर ठेवलेला असतो. तो वीतभर पुढे ओढा आणि पाटावर ठेवा. पावसाळ्यात वापर नसला तरी रोज तासभर चालू करा, आतल्या उबेने दमटपणा जातो. किनाऱ्याकडच्या घरांत खारी हवाही असते. तिथून आलेल्या रॅमच्या पट्ट्यांवर सोनेरी पाय काळपट झालेले मी कितीदा पाहिले आहेत.

उघडून साफ करायचं असेल तर प्लग काढा, मग पॉवरचं बटण पंधरा सेकंद दाबून धरा म्हणजे उरलेली वीज निघून जाईल. कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला हात लावून मगच आतल्या भागांना हात घाला. रॅम काढा, तिचे पाय स्वच्छ खोडरबराने हलकेच पुसा, भुगा ब्रशने झाडा, आणि दोन्ही बाजूंच्या खिट्ट्या बसल्याचा आवाज येईपर्यंत परत दाबा. पंख्यावर ब्लोअर मारताना पातं बोटाने धरून ठेवा, नाहीतर ते भलत्या वेगाने फिरून बेअरिंग खराब होतं. तोंडाने फुंकू नका, थुंकीचे कण आत जातात. मुंग्यांचं वारूळ, पालीची अंडी, सगळं सापडू शकतं, घाबरू नका. एसएमपीएसचा डबा मात्र उघडू नका. प्लग काढल्यावरही त्याच्या कपॅसिटरांत जिवावर बेतण्याइतकी वीज राहू शकते.

खाणींच्या पट्ट्यातल्या डिचोली-साखळीकडून येणाऱ्या मशीनमध्ये लाल धूळ हीटसिंकच्या, म्हणजे प्रोसेसर थंड ठेवणाऱ्या धातूच्या ठोकळ्याच्या, पात्यांत लिंपल्यासारखी बसलेली असते. असा कॉम्प्युटर टायपिंगला नीट चालतो, पण व्हिडिओ एडिटिंग किंवा गेम सुरू केला की दहा-पंधरा मिनिटांत बंद. प्रोसेसर शंभर अंश सेल्सिअसच्या आसपास पोचला की आधी मंद होतो आणि तरीही तापत राहिला तर जळू नये म्हणून मशीन बंद पाडतो. एचडब्ल्यू-इन्फो हा फुकट मिळणारा प्रोग्रॅम चालवून तापमान बघत राहा. धूळ काढूनही आकडा खाली येत नसेल तर बहुधा प्रोसेसर आणि हीटसिंक यांच्यामधली थर्मल पेस्ट सुकली आहे. जुनी पुसून वाटाण्याएवढी नवी लावायची.

निळी पाटी येऊन मशीन लगेच रीस्टार्ट होत असेल तर वाचायला वेळच मिळत नाही. सिस्टिम प्रॉपर्टीजमध्ये 'अॅडव्हान्स्ड' टॅबवर 'स्टार्टअप अँड रिकव्हरी'च्या सेटिंग्ज उघडा आणि 'ऑटोमॅटिकली रीस्टार्ट'वरची खूण काढा. पुढच्या वेळी पाटी थांबेल, तिचा मोबाइलवर फोटो घ्या. 'मेमरी मॅनेजमेंट' लिहिलेलं असेल तर माझा पहिला संशय रॅमवर. 'डब्ल्यूएचईए'ने सुरू होणारं नाव असेल तर हार्डवेअर, म्हणजे उष्णता, वीज किंवा प्रोसेसर. शेवटी 'डॉट एसवायएस' असलेलं फाइलचं नाव दिसलं तर तो बहुधा ड्रायव्हर. अलीकडे काय नवीन घातलं ते आठवा. आठवत नसेल तर 'रिलायबिलिटी मॉनिटर' उघडा, कोणत्या दिवशी काय इन्स्टॉल झालं आणि काय कोसळलं ते तिथे तारीखवार दिसतं.

विंडोज स्वतःच्या नोंदी ठेवतं त्या 'इव्हेंट व्ह्यूअर'मध्ये 'कर्नल-पॉवर ४१' अशी नोंद दिसते आणि 'पॉवर' हा शब्द वाचून लोक नवा एसएमपीएस आणतात. त्या नोंदीचा अर्थ एवढाच की मशीन रीतसर शटडाउन झालं नाही. निळ्या पाटीनंतरही ती येते, बटण दाबून धरून बंद केलं तरीही येते. त्यावरून काही विकत घेऊ नका.

रॅमची परीक्षा 'विंडोज मेमरी डायग्नोस्टिक'ने होते, पण माझा भरवसा पेन ड्राइव्हवरून चालणाऱ्या मेमटेस्ट८६ प्लसवर जास्त. रात्री लावून झोपा, निदान चार फेऱ्या पूर्ण होऊ द्या. एकही चूक दिसली तर ती चालवून घ्यायची नाही. मग एक पट्टी काढा, एकीवर दोन दिवस चालवा, नंतर दुसरीवर. एका वेळी एकच बदल करा आणि वहीत लिहा. रॅम, केबल, ड्रायव्हर सगळं एकदम बदललं आणि सुधारलं तर दोष कुठे होता ते कधीच कळत नाही.

डिस्कसाठी 'क्रिस्टलडिस्कइन्फो' हा डिस्कची तब्येत दाखवणारा प्रोग्रॅम बघा. 'कॉशन' किंवा 'बॅड' दिसलं तर डिस्क बदला, दुरुस्तीच्या नादाला लागू नका. डिस्क चांगली असेल तर विंडोजच्या फाइली कमांड प्रॉम्प्टमध्ये द्यायच्या डीआयएसएम आणि एसएफसी या दोन कमांडनी, ह्याच क्रमाने, दुरुस्त करता येतात. फॉरमॅट ह्या सगळ्याच्या नंतर. विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टकडून मिळणारा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, तेव्हा फॉरमॅटची वेळ आलीच आणि मशीनला झेपत असेल तर ११ घाला.

लॅपटॉपवाल्यांसाठी एक ताकीद. टचपॅड वर उचललेला दिसला किंवा झाकण नीट मिटेनासं झालं तर बॅटरी फुगली आहे. चार्जिंग तिथेच थांबवा, ती दाबू नका, टोचू नका, पहिल्या बसने दुकानात आणा.

आणि दुकानात येताना वही आणा, पाटीचा फोटो आणा, लॅपटॉपचा अॅडॅप्टर विसरू नका. डेस्कटॉप असेल तर यूपीएससुद्धा आणा, जड असला तरी. देवस्थानच्या ऑफिसात आता कॉम्प्युटरशेजारी दोऱ्याला पेन बांधलेली वही टांगलेली असते. परवा गेले होते तेव्हा तिच्यात दसऱ्यापासून एकही नोंद नव्हती.