या चुका टाळा: कॉस्मेटिकच्या युनिटमध्ये फाइल एक सांगते आणि टाकीत दुसरंच असतं

रबाळ्याच्या एका गाळ्यात मी क्वालिटी सांभाळत होते, तेव्हाची गोष्ट. शनिवारची संध्याकाळ. शॅम्पूची बॅच उतरवून झाली होती आणि हेल्पर मिक्सर धूत होता. आधी हायपोचं (सोडियम हायपोक्लोराइट, म्हणजे ब्लीचचं) पाणी फिरवायचं, ते पूर्ण काढून साध्या पाण्याने धुवायचं, मग सायट्रिक अ‍ॅसिडचं पाणी, अशी आमची लेखी पद्धत होती. त्याला ठाण्याची लोकल गाठायची होती, म्हणून त्याने मधलं धुणं गाळलं. दोन मिनिटांत तो खोकत माझ्या दाराशी आला. "मॅडम, डोळे चुरचुरतायत, घशात काहीतरी अडकलंय." मी आत पाऊल टाकलं आणि वासावरूनच कळलं, क्लोरीन.

सगळ्यांना बाहेर रस्त्यावर काढलं. त्याला दवाखान्यात नेलं आणि डॉक्टरांनी रात्रभर ठेवून घेतलं, कारण क्लोरीन ओढल्यावर फुप्फुसाचा त्रास काही तासांनीही उमटू शकतो. तो बरा झाला. पण सोमवारी फाइल उघडली तेव्हा त्याच पद्धतीच्या प्रशिक्षणाच्या कागदावर त्याची सही होती. ती सही मीच घेतली होती. कागद इंग्रजीत होता आणि त्याला वाचता येत होतं फक्त हिंदी आणि मराठी.

तेव्हापासून एकच गोष्ट मी प्रत्येक युनिटमध्ये शोधते: फाइल आणि टाकी एकमेकांपासून कुठे तुटली आहेत. वागळे इस्टेटपासून तळोज्यापर्यंत, अंबरनाथपासून महापेपर्यंत लहान-मोठी बरीच युनिट्स पाहिली. कागद अजिबात नाही, असं क्वचितच दिसतं. कागद असतो, पण तो दुसऱ्याच कारखान्याचं वर्णन करत असतो.

एसडीएस कपाटात, ड्रम शेडमध्ये

कच्च्या मालासोबत सुरक्षा माहितीपत्रक (एसडीएस) येतं, सोळा भागांचं. ते नीट पंच करून फाइलला लागतं आणि तिथेच राहतं. हेल्परला सोळा भाग नकोत. हे कशासोबत ठेवायचं नाही, अंगावर उडालं तर पहिल्या मिनिटात काय करायचं, कोणते हातमोजे घालायचे, सांडलं तर कशाने टिपायचं, एवढं त्याला हवं. प्रत्येक धोकादायक मालासाठी हे चार मुद्दे मराठी आणि हिंदीत, मोठ्या अक्षरांत, एका पानावर लिहा आणि ते पान ड्रमच्या मागच्या भिंतीवर लावा. माझ्या अनुभवात महागड्या प्रशिक्षणापेक्षा या पानाचा उपयोग जास्त झाला.

आमच्या धंद्यात एकत्र येऊ नयेत अशा जोड्या मोजक्याच आहेत, पण त्या रोज एकमेकींच्या शेजारी उभ्या असतात. हायपो आणि कोणतंही अ‍ॅसिड. हायपो आणि हेअर डायसाठी आणलेला अमोनिया. हेअर डायच्या डेव्हलपरमधलं हायड्रोजन पेरॉक्साइड आणि हेअर रिमूव्हरमधला थायोग्लायकोलेट. कॉस्टिक सोडा विरघळवताना पाण्यात कॉस्टिक थोडं थोडं टाकायचं, कॉस्टिकवर पाणी कधीच ओतायचं नाही. ते उकळून तोंडावर उडतं. आणखी एक: मालाचा ड्रम मोठा पडतो म्हणून माणसं तो पाण्याच्या रिकाम्या बाटलीत ओतून घेतात आणि बाटलीवर काहीच लिहीत नाहीत. अशी बाटली दिसली की मी काम थांबवते, मग बॅच कितीही अडकलेली असो.

अल्कोहोल, अ‍ॅसिटोन आणि पोटमाळा

परफ्यूम, डिओ, नेलपॉलिश किंवा रिमूव्हर बनवत असाल तर हा भाग दोनदा वाचा. इथेनॉलचा फ्लॅश पॉइंट, म्हणजे ठिणगी मिळाली तर पेटण्याइतकी वाफ ज्या तापमानाला सुटते ते, साधारण १३ अंश सेल्सिअस आहे. अ‍ॅसिटोन आणि एथिल अ‍ॅसिटेट तर शून्याखालीच पेट घेण्याइतकी वाफ सोडतात. ठाण्यात १३ अंशांची दुपार नसतेच, म्हणजे हा माल तुमच्या गाळ्यात वर्षाचे बारा महिने पेटण्याच्या तयारीत असतो. त्याची वाफ हवेपेक्षा जड असते, जमिनीलगत सरपटत जाते आणि पलीकडच्या टेबलावर चार्जिंगला लावलेल्या मोबाइलपर्यंत पोहोचते.

इथे नेहमीची चूक म्हणजे एक्झॉस्ट फॅन छताजवळ असणं. वाफ खाली आहे, तर ओढणारं तोंडही खालीच हवं. दुसरी चूक अर्थिंगची. एका लोखंडी ड्रममधून दुसऱ्यात ओतताना दोन्ही ड्रम वायरने जोडलेले आणि जमिनीला अर्थ केलेले हवेत. स्थिर विजेची ठिणगी डोळ्याला दिसत नाही, पण तेवढी पुरते. दिवे आणि मोटर फ्लेमप्रूफ असल्या तरी नंतर कोणी साधी एक्स्टेंशन बोर्ड ओढली की सगळा खर्च वाया. पोटमाळ्यावर साठा करू नका. आग लागली की तिथला माणूस उतरू शकत नाही. आणि स्पिरिटचा प्रत्यक्ष साठा राज्य उत्पादन शुल्क विभागाच्या परवान्यातल्या मर्यादेत आहे का, ते महिन्यातून एकदा ड्रम मोजूनच बघा.

डोंबिवलीत २०१६ च्या मे महिन्यात आणि पुन्हा २०२४ च्या मे महिन्यात झालेले स्फोट आपल्या ठाणे जिल्ह्यातले आहेत. ती रासायनिक युनिट्स होती, आपण क्रीम बनवतो, असं म्हणणारे मालक मला भेटतात. साठा लहान असला तरी गाळ्याला बाहेर पडायला दरवाजा एकच असतो, हे त्यांनी मोजावं.

पावसाळ्यात शॅम्पू बिघडला: आधी काय तपासायचं

जुलैत फोन येतो. शॅम्पू पातळ झालाय, वास बदललाय, बाटली फुगलीय. सगळे पावसाला आणि दमट हवेला दोष देतात. पण दमट हवा बंद बाटलीत शिरत नाही. बिघाड बाटली भरण्याआधीच आत गेलेला असतो, उन्हा-पावसाच्या उबेत तो फक्त वाढतो.

एका बॅचचं सांगते. माल बनवून घेणाऱ्या पार्टीने सांगितलं, शॅम्पू आणखी सौम्य हवा, पीएच ५ वरून ६ वर न्या. आम्ही नेला. फॉर्म्युल्यात प्रिझर्व्हेटिव्ह (जंतू वाढू न देणारं रसायन) सोडियम बेन्झोएट होतं, त्याची मात्रा तीच ठेवली. फाइल चोख. तीन आठवड्यांनी बाटल्या परत. कारण असं की बेन्झोएट जंतूंना मारतं ते त्याच्या अ‍ॅसिड रूपात, आणि किती भाग अ‍ॅसिड रूपात राहील ते पीएच ठरवतो. ४.२ ला निम्मा भाग कामाचा असतो. ५ ला साधारण १४ टक्के. ६ ला जेमतेम दीड टक्का. म्हणजे कागदावरचा टक्का तोच राहिला आणि टाकीतलं संरक्षण नऊ पटींनी घटलं. बॅच भरताना केलेल्या चाचणीत जंतूंची संख्या मर्यादेतच आली होती. तेव्हा ते थोडे होते, वाढायला त्यांना वेळ हवा होता. म्हणून पीएच, सुगंध, अर्क, पॅकिंग यांतलं काहीही बदललं की २८ दिवसांची चॅलेंज टेस्ट (मालात मुद्दाम जंतू सोडून ते मरतात का ते पाहणारी) पुन्हा करा. जुना रिपोर्ट नव्या फॉर्म्युल्याला लावू नका.

बॅच बिघडली की मी या क्रमाने जाते. आधी ठेवलेल्या नमुन्याचा पीएच, बीएमआरमध्ये (बॅचच्या उत्पादन नोंदीत) लिहिलेला नाही, आज स्वतः मोजलेला. मग प्रिझर्व्हेटिव्ह किती तापमानाला टाकलं. आयसोथायाझोलिनोन गटातलं असेल तर ते गरम मालात टिकत नाही, ४५ अंशांखाली उतरल्यावरच टाकायचं. ऑपरेटरला घाई असली की ते साठला पडतं. त्यानंतर पाणी.

पाण्याबद्दल जरा थांबून सांगते, कारण माझ्या मते निम्म्या बिघाडांचं मूळ तिथे आहे. आरओचा रिपोर्ट उत्तम असतो, कारण नमुना आरओच्या तोंडाशी घेतलेला असतो. बॅचमध्ये पडतं ते पाणी मात्र टाकीतून, पाइपच्या वळणांतून आणि शेवटी फरशीवर पडलेल्या होजमधून येतं. शनिवारी रात्री त्या होजमध्ये पाणी उरतं, रविवारभर साचतं आणि सोमवारची पहिली बॅच त्यानेच भरते. स्यूडोमोनाससारख्या जंतूला ओल आणि वेळ एवढंच लागतं. नमुने तीन ठिकाणचे घ्या: आरओचं तोंड, टाकीचा नळ, होजचं टोक. होज रिकामी करून तोंड खाली ठेवून टांगा. शक्य असेल तर आठवड्यातून एकदा ८० अंशांचं पाणी लाइनमधून फिरवा. क्रीममध्ये पाणी ७५ अंशांपर्यंत तापतं म्हणून ती वाचते. शॅम्पू बहुतेकदा थंड पद्धतीने बनतो, म्हणून तो आधी बिघडतो. कोरफडीचा गर आणि वनस्पतींचे अर्कही जंतू घेऊन येतात, त्यांची तपासणी माल आत घेतानाच करा.

त्वचेच्या क्रीमसाठी भारतीय मानक आयएस ६६०८ मध्ये ग्रॅममागे जास्तीत जास्त १००० जंतूंची मर्यादा आहे आणि रोगकारक ग्रॅम-निगेटिव्ह जंतू अजिबात नकोत. तपासणी कशी करायची ते आयएस १४६४८ सांगतं. आकडा मर्यादेत आला म्हणून निश्चिंत होऊ नका. दर महिन्याचे आकडे एका कागदावर ओळीने मांडा. १०, २०, ९०, ४०० अशी चढण दिसली की पुढची बॅच थांबवा.

पुरवठादाराच्या सीओएवर झोपू नका

नियम सांगतो की कच्च्या मालाची प्रत्येक लॉट आणि तयार मालाची प्रत्येक बॅच तपासायची आणि नोंद ठेवायची. प्रत्यक्षात अनेक ठिकाणी पुरवठादाराचा सीओए (त्याने दिलेलं तपासणीचं प्रमाणपत्र) जोडून शिक्का मारतात. निदान ओळख पटवणारी चाचणी तरी स्वतः करा. रंगांच्या बाबतीत तडजोड नको. सेंद्रिय रंगांत आर्सेनिक २ पीपीएम (दहा लाख भागांत २ भाग), शिसं २० पीपीएम आणि बाकीचे जड धातू १०० पीपीएम यांच्या वर जाता कामा नयेत. काजळ, लिपस्टिक, कुंकू यांसाठी स्वस्तात मिळालेला सुटा रंग घेतला की ही मर्यादा कुठे जाईल सांगता येत नाही. आणि लिपस्टिक तर पोटातही जाते.

पाऱ्याचं वेगळं सांगायला हवं. डोळ्यांच्या उत्पादनांत प्रिझर्व्हेटिव्ह म्हणून ७० पीपीएमपर्यंत मर्यादा कॉस्मेटिक्स नियम, २०२० मध्ये दिली आहे. इतर उत्पादनांत नकळत आलेला पारासुद्धा १ पीपीएमच्या वर चालत नाही. गोरेपणाच्या क्रीमसाठी कोणी "झटपट परिणाम देणारी पावडर" बिलाशिवाय देऊ केली, तर ती आत येऊ देऊ नका. त्यात बहुतेक काय असतं ते आपल्याला माहीत आहे, आणि ती क्रीम लावणाऱ्या मुलीची किडनी पणाला लागते.

"फक्त सुगंध बदलला, बाकी काही नाही"

सुगंध म्हणजे पन्नास-साठ रसायनांचं मिश्रण. एका युनिटमधून न्हावा शेवामार्गे युरोपला माल जायचा. गोदामात जुन्या परफ्यूमचा अर्धा ड्रम उरला होता, तोच वापरला. त्यात लिलियल हे सुगंधी रसायन होतं. युरोपियन संघात १ मार्च २०२२ पासून ते कॉस्मेटिकमध्ये चालत नाही, आणि कोंड्याच्या शॅम्पूतलं झिंक पायरिथिऑनही त्याच दिवसापासून बंद झालं. माल पाठवण्याआधी एका नव्या केमिस्ट मुलीने ड्रमवरची तारीख पाहून विचारलं म्हणून कळलं. परफ्यूमवाल्याकडून प्रत्येक लॉटसाठी नवं इफ्रा (आंतरराष्ट्रीय सुगंध संघटनेच्या मानकांचं) प्रमाणपत्र आणि अ‍ॅलर्जनची यादी मागा, आणि निर्यातीसाठी निवडलेल्या ड्रमवर ती तारीख मोठ्या अक्षरांत लिहा. छोट्या बदलासाठीही एक पान भरायची सवय लावा: काय बदललं, का, कोणी तपासलं, लेबल बदलायला हवं का.

लेबल आणि परवाना

कॉस्मेटिक्स नियम, २०२० आल्यापासून परवाना कॉस-८ मध्ये आणि लोन लायसन्स (दुसऱ्याच्या कारखान्यात माल बनवण्याचा परवाना) कॉस-९ मध्ये मिळतं. परवाना चालू ठेवण्यासाठी दर पाच वर्षांनी रिटेन्शन फी भरायची असते. ती तारीख अकाउंट्सच्या कॅलेंडरवर असते आणि क्वालिटीला कळत नाही, म्हणून दोघांकडेही लिहून ठेवा. परवान्यात मंजूर नसलेलं उत्पादन "तसंच तर आहे" म्हणून सुरू करू नका. फेसवॉशवाल्याला हेअर डाय सहज बनवता येतो असं वाटतं, पण त्याला वेगळी जागा, वेगळा धोका आणि डब्यावर आत-बाहेर वेगळा इशारा लागतो: आधी त्वचेवर चाचणी करा, पापण्या-भुवयांना लावू नका, अंधत्व येऊ शकतं. हा इशारा इंग्रजीसोबत स्थानिक भाषेतही हवा.

घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने, १ टक्का किंवा त्याहून कमी असलेले शेवटी. फॉर्म्युला सुधारला आणि जुनी छापील लेबलं संपवायची म्हणून वापरली, ही चूक मी सर्वांत जास्त पाहिली आहे. आणि दावे जपून करा. "केसगळती बंद", "एक्झिमा बरा" असं लिहिलं की ते कॉस्मेटिक राहत नाही, कायद्याच्या नजरेत औषध होतं.

सांडपाण्याचं थोडक्यात: प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संमतीपत्रात लिहिलेलं रोजचं पाणी आणि मीटरवरचं पाणी ताडून पाहा. बिघडलेली बॅच नाल्यात सोडू नका. घातक कचऱ्याचा साठा ९० दिवसांच्या वर जाता कामा नये, तळोज्याच्या केंद्राची पावती फाइलला हवी.

या सगळ्याची तपासणी कुठून सुरू करायची, असं मला नेहमी विचारतात. नमुन्यांच्या कपाटातून कोणतीही एक बाटली उचला. तिचा बॅच नंबर घेऊन बीएमआर काढा, त्यातला प्रत्येक लॉट नंबर घेऊन स्टोअरमध्ये जा, ते ड्रम हाताने शोधा आणि उरलेलं वजन करा. मग ज्याने ती बॅच बनवली त्याला टाकीपाशी उभं करून विचारा, "कसं केलंस, सांग." त्याचं बोलणं चालू असताना बीएमआरवर बोट ठेवून ओळीने पुढे जा. बोट जिथे थांबेल, तिथून काम सुरू करा.