फायटिंग गेमबद्दल मत बनवताय? आधी या चुका टाळा

फायटिंग गेमवरची खेळाडूंची मतं वाचायला बसलात की थोड्याच वेळात डोकं गरगरायला लागतं. एकाला जो गेम आजवरचा सर्वोत्तम वाटतो, तोच दुसऱ्याला भंगार वाटतो. एक म्हणतो बटणं उशिरा लागतात, दुसरा म्हणतो एकदम स्मूथ आहे. दोघंही खोटं बोलत नसतात. एक जण मोठ्या टीव्हीवर वाय-फायने खेळतो, दुसरा मॉनिटरवर केबल लावून. एकाने स्टोरी संपवून डिस्क ठेवून दिलेली असते, दुसरा रात्ररात्र रँक्ड (रँक ठरवणाऱ्या ऑनलाइन लढती) खेळतो. तक्रार नेमकी कशाची, हे न बघताच 'गेम बकवास' असा शिक्का बसतो.

अशा वेळी 'नाचता येईना, अंगण वाकडं' ही म्हण कोणीतरी हमखास तोंडावर फेकतो. ती फेकणंही तितकंच आळशीपणाचं आहे, कारण कधी कधी अंगण खरंच वाकडं असतं. २०१६ च्या फेब्रुवारीत स्ट्रीट फायटर ५ आला तेव्हा त्यात साधा आर्केड मोडसुद्धा (एकट्याने कॉम्प्युटरशी एकामागून एक लढायचा प्रकार) नव्हता. त्यासाठी २०१८ च्या जानेवारीपर्यंत, आर्केड एडिशन येईपर्यंत थांबावं लागलं. पहिल्या दिवशी लोक चिडले ते योग्यच होतं. म्हणून मत झटकून टाकायचं नाही आणि डोळे झाकून मानायचंही नाही. ते कशावर उभं आहे ते बघायचं.

'लॅग मारतो' म्हणताना कुठला लॅग ते न सांगणं

लॅग म्हणजे बटण दाबणं आणि पडद्यावर काही घडणं यांत पडणारा उशीर. सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो, म्हणून जरा खोलात जाऊ.

बहुतेक फायटिंग गेम सेकंदाला ६० फ्रेमने (म्हणजे ६० चित्रांनी) चालतात, म्हणजे एक फ्रेम १६.६७ मिलिसेकंदांची. स्ट्रीट फायटर ६ मधले सर्वात झटपट हलके फटके ४ फ्रेममध्ये लागतात, टेकन या दुसऱ्या गेममधला साधा जॅब (झटपट सरळ ठोसा) १० फ्रेममध्ये. एवढ्या बारीक हिशोबात टीव्हीने मध्येच पाच-सहा फ्रेम खाल्ल्या तर काय होईल ते बघा. चित्र गुळगुळीत करणारे, रंग खुलवणारे जे मोड टीव्हीत चालू असतात, ते प्रत्येक फ्रेम थोडा वेळ स्वतःकडे ठेवून मग दाखवतात. सिनेमा बघताना हे कळत नाही. गेममध्ये मात्र तुम्ही उडी मारणाऱ्याला खालून ठोसा मारता आणि तो वाजायच्या आत स्वतःच मार खाता. मग लिहिता, 'कंट्रोल्स जड आहेत.'

तपासणी सोपी आहे. नेट बंद करा, ट्रेनिंग मोडमध्ये जा आणि एक हलका फटका थांबून थांबून मारा. तिथेही बटण आणि फटका यांत अंतर जाणवत असेल तर नेटचा काही संबंध नाही. टीव्हीचा गेम मोड चालू करा. तो तुम्ही वापरता त्याच एचडीएमआय पोर्टसाठी चालू आहे ना, हेही बघा, कारण बऱ्याच टीव्हींवर ही सेटिंग प्रत्येक पोर्टला वेगळी असते. स्ट्रीट फायटर ६ च्या सेटिंग्जमध्ये इनपुट डिले (बटणाचा उशीर) कमी करायचा पर्यायही आहे. तो कित्येकांनी उघडूनही पाहिलेला नसतो.

ट्रेनिंगमध्ये सगळं ठीक आणि ऑनलाइन गेल्यावर त्रास, तर लक्षणं नीट बघा. दोन्ही बाजूंचा गेमच मंद होतोय, बटणं चिखलातून गेल्यासारखी लागतायत? तो डिले-बेस्ड नेटकोडचा स्वभाव (नेटकोड म्हणजे दोन खेळाडूंना नेटवरून जोडणारी गेममधली यंत्रणा). समोरच्याचं इनपुट, म्हणजे त्याने दाबलेली बटणं, येईपर्यंत गेम थांबून राहतो. तुमची बटणं वेळेवर लागतायत, पण समोरचा अचानक इकडून तिकडे उगवतोय, लागलेला फटका न लागल्यासारखा होतोय? तर ते रोलबॅक. यात गेम समोरच्याच्या इनपुटचा अंदाज बांधून पुढे जातो आणि अंदाज चुकला की काही फ्रेम मागे येऊन पुन्हा हिशोब करतो. टोनी कॅनन यांच्या जीजीपीओ या नेटकोडने ही पद्धत रुजवली आणि २०१९ मध्ये ते ओपन सोर्स, म्हणजे सगळ्यांना खुलं, झालं. आज नवा फायटिंग गेम रोलबॅकशिवाय आला तर लोक नाक मुरडतात. पण रोलबॅक म्हणजे जादू नाही. कनेक्शन हेलकावे खात असेल तर चांगला रोलबॅकही उड्या मारणारच.

यावर ठरलेलं उत्तर येतं: 'माझा स्पीड भरपूर आहे.' स्पीडचा प्रश्नच नाही. फायटिंग गेमला डेटा अगदी थोडा लागतो, तो दर वेळी सारख्याच अंतराने पोचणं महत्त्वाचं. वाय-फायवर सरासरी पिंग (डेटा जाऊन परत यायला लागणारा वेळ) छान दिसतो आणि मध्येच डेटाचं एखादं पॅकेट रेंगाळतं. म्हणूनच स्ट्रीट फायटर ६ आणि टेकन ८ समोरचा केबलवर आहे की वाय-फायवर हे मॅच स्वीकारण्याआधी दाखवतात. केबल लावून बघा आणि तरीही त्रास राहिला तर खुशाल नेटकोडला शिव्या द्या. सुपर स्मॅश ब्रदर्स अल्टिमेटच्या ऑनलाइनबद्दल लोक वर्षानुवर्षं कुरकुरतात ती कुरकुर अशीच, केबल लावूनही टिकलेली आहे.

मोजलेली तक्रार कशी असते याचंही उदाहरण स्ट्रीट फायटर ५ चंच आहे. पीएस४ वर बटण आणि पडदा यांच्यात साधारण ८ फ्रेम जातात हे खेळाडूंनी उपकरणं लावून दाखवलं. 'जड वाटतो' हे वाक्य हवेत विरून जातं, '८ फ्रेम' या आकड्याला उत्तर द्यावं लागतं.

हरलो की लगेच 'ओपी आहे, नर्फ करा'

ओपी म्हणजे प्रमाणाबाहेर ताकदवान, नर्फ म्हणजे ती ताकद कमी करणं. स्ट्रीट फायटर ६ नवा होता तेव्हा खालच्या रँकवाल्यांचा सगळा राग ड्राइव्ह इम्पॅक्टवर होता. दोन बटणं दाबा, रंग उडवत एक फटका येतो, तुमचे दोन वार तो अंगावर झेलतो आणि वर तुम्हालाच लोळवतो. भिंतीजवळ असाल तर ब्लॉक करूनही भिंतीवर आपटता. अन्याय वाटणारच.

आता तोच फटका हळू करून बघा. लागायला त्याला २६ फ्रेम लागतात, म्हणजे अर्ध्या सेकंदाला थोडंसंच कमी. त्याने दोन वार झेलले तरी तिसरा त्याला मोडतो. थ्रो, म्हणजे पकडून आपटणं, त्याला बसतो. तुम्ही किंचित उशिरा तुमचा ड्राइव्ह इम्पॅक्ट मारला तर तुमचा जिंकतो आणि समोरचा कोसळतो. शिवाय ड्राइव्ह या शक्तीच्या पट्टीच्या सहा खणांपैकी एक खण त्याने खर्च केलेला असतो. ट्रेनिंग मोडमध्ये डमीला (सरावासाठीच्या प्रतिस्पर्ध्याला) तीन गोष्टी रेकॉर्ड करून द्या: ड्राइव्ह इम्पॅक्ट, साधे दोन-तीन फटके, आणि नुसतं उभं राहणं. ते उलटसुलट क्रमाने चालवा आणि उत्तर देत बसा. सुरुवातीला भलत्याच गोष्टीवर दचकाल, मग रंग दिसला की हात आपोआप जाईल. त्यानंतरही तो फटका तुम्हाला अती वाटत असेल तर त्या मताला वजन आहे. दर्दी खेळाडूंनाही तो काही जागी खटकतो, विशेषतः समोरचा बर्नआउटमध्ये, म्हणजे ड्राइव्ह संपून, कोपऱ्यात अडकलेला असताना. तिथे तो ब्लॉक केला तरी डोळ्यांपुढे तारे चमकतात. ही तक्रार 'स्पॅम करतात' (तेच ते मारत राहतात) या तक्रारीहून पूर्णपणे वेगळी आहे.

असाच जुना बदनाम म्हणजे टेकनमधला एडी गॉर्डो. टेकन ३ पासून, म्हणजे नव्वदच्या दशकापासून, 'कसलीही बटणं दाबा, जिंकाल' अशी त्याची कीर्ती. मॅश करणारा एडी तुमच्या शेजारी बसून तुम्हाला धुतो हे खरंच. पण त्याच लाथा कुठे वाकून ब्लॉक करायच्या आणि कुठे मध्येच जॅब घालायचा हे कळलं की तोच एडी हतबल होतो. टेकन ८ मध्ये तर हरलेल्या मॅचचा रिप्ले मध्येच थांबवून कंट्रोल हातात घेता येतो आणि त्या जागी काय करता आलं असतं ते करून बघता येतं. हे न करता 'नर्फ करा' लिहिणाऱ्याचं मत वाचून पुढे सरकावं.

टियर लिस्ट बघून कॅरेक्टर निवडणं, वर त्यावरून भांडणं

टियर लिस्ट, म्हणजे कॅरेक्टरांची ताकदीनुसार लावलेली यादी, बनवणारे बहुतेक वरच्या पातळीचे असतात आणि समोरचाही तितकाच तयारीचा आहे असं धरून बनवतात. तुमच्या रँकवर स्ट्रीट फायटरमधल्या झांगिएफ या पैलवानाचा थ्रो उडी मारून चुकवणारेच सापडत नसतील, तर त्याची खालची जागा तुमच्या काय कामाची? आवडेल तो घ्या.

जुनं मत, दुसऱ्याच मशीनचं मत

फायटिंग गेम आता विकला त्या दिवशी पूर्ण होत नाही. पॅच (दुरुस्त्या, बदल) येतात, सीझन (नव्या भरीचे टप्पे) येतात, खेळ बदलतो. टेकन ८ जानेवारी २०२४ मध्ये आला तेव्हाचे परीक्षणाचे लेख बहुतेक कौतुकाचे होते. पैसे देऊन पोशाख विकणारं टेकन शॉप त्यानंतरच्या महिन्यात आलं, म्हणजे त्या लेखांत त्याचा उल्लेख नसणारच. एप्रिल २०२५ मध्ये दुसरा सीझन सुरू झाला तेव्हा आक्रमणाला इतकं झुकतं माप दिलं गेलं की मुरलेले खेळाडूही उखडले. स्टीम या पीसी गेमच्या ऑनलाइन दुकानावरची ताजी मतं धडाधड खाली गेली आणि कंपनीला घाईने दुरुस्तीचा पॅच काढावा लागला. आता या तीन काळांतली मतं एकत्र करून सरासरी काढलीत तर हाती काय लागणार? तारीख बघा, मग मजकूर.

मशीनचंही तसंच. मॉर्टल कॉम्बॅट १ मोठ्या कन्सोलवर वेगळा आणि निन्टेन्डो स्विचवर वेगळा. सप्टेंबर २०२३ मध्ये स्विचवरच्या चेहऱ्यांची जी थट्टा झाली ती पीएस५ वाल्याला लागू नाही. ड्रॅगन बॉल फायटरझीला २०२४ मध्ये रोलबॅक मिळालं, पण पीसी आणि नव्या पिढीच्या कन्सोलवर. पीएस४ आणि स्विच वगळले गेले. म्हणजे 'आता ऑनलाइन मस्त झालंय' हे वाक्य एकाच गेमबद्दल खरंही आहे आणि खोटंही.

आकड्यावर विसंबणं

स्टोअरवरची टक्केवारी सगळ्या रागांची खिचडी करते. कोणाला किंमत पटलेली नसते, कोणाचा लाडका लढवय्या रोस्टरमध्ये (लढवय्यांच्या यादीत) नसतो, कोणाला नवा डीएलसी (वेगळे पैसे देऊन घ्यायची भर) महाग वाटतो, आणि कोणाला खरोखर लढाईच आवडलेली नसते. चारही जण अंगठा खालीच दाखवतात. नकारात्मक मतांपैकी लांबलचक, जास्त तास खेळलेल्यांची मतं आधी वाचा. शेकडो तास घालवून वैतागलेला माणूस नेमकं बोट ठेवतो. अर्थात, तुम्हाला स्टोरी खेळून मोकळं व्हायचं असेल तर हाच माणूस तुमच्या उपयोगाचा नाही. ज्याने तुमच्यासारखं खेळायचं म्हणून घेतला, तो शोधा.

'मॉडर्न कंट्रोल म्हणजे चीटिंग'

हा वाद मला मनापासून कंटाळवाणा वाटतो, म्हणून थोडक्यात. स्ट्रीट फायटर ६ मध्ये मॉडर्न या सोप्या कंट्रोल पद्धतीवर एका बटणात स्पेशल मूव्ह (खास चाल) निघते, पण तशी काढली की समोरच्याचं नुकसान २० टक्के कमी होतं, आणि काही साधे फटके हातातून जातात. उडी मारणाऱ्याला पाडणं सोपं होतं हा फायदा खराच. गेम बनवणाऱ्या कॅपकॉमच्या स्वतःच्या स्पर्धांमध्येही हे कंट्रोल चालतात. नावडते असतील तर 'नावडते' म्हणा, चीटिंग म्हणू नका.

स्वतः लिहिताना

कन्सोल कोणता, केबल की वाय-फाय, कोणत्या पॅचला खेळलात, जास्त वेळ कुठल्या मोडमध्ये घालवलात, रँक साधारण काय, एवढं पहिल्या दोन ओळींत टाका. रँक खालची असेल तर लाजायचं कारण नाही. नवख्याला ट्युटोरियल समजलं नाही ही गोष्ट नवखाच सांगू शकतो, मुरलेल्याला ती दिसतच नाही. हरल्याहरल्या लिहू नका, निदान रिप्ले एकदा बघून घ्या. आणि एखादी मूव्ह खरंच बिघडलेली वाटत असेल तर स्ट्रीट फायटर ६ मधल्या प्रत्येक रिप्लेला आयडी असतो; तो आणि कितव्या राउंडमध्ये काय झालं एवढं द्या. बाकीचे तो उघडून स्वतः बघतील आणि वाद घालायचाच तर त्या फ्रेमवर घालतील.