लांगाहाची जोडी घरी कशी करायची

विज्ञान प्रदर्शनासाठी साप करा म्हटलं की मुलं फणा काढलेला नाग घेऊन येतात. माझ्या चित्रकलेच्या वर्गात यंदा मी लांगाहा करायला दिलाय. हा मादागास्करच्या रानात झाडांवर राहणारा साप, दुसरीकडे कुठेच नाही. या प्रजातीत जाती अवघ्या तीन. आपण करायची ती लांगाहा मादागास्करिएन्सिस. माझी अट एकच: नर आणि मादी दोन्ही करायचे. एकटा नर मांडला तर या सापाची खरी गंमत कळतच नाही.

फांदीसाठी द्राक्षाची काडी घ्या. छाटणीनंतर पिंपळगाव, दिंडोरीकडे बांधावर ढीग पडलेले असतात, कोणीही देईल. सापासाठी सळया बांधायची तार दुहेरी पिळून साधारण मीटरभर घ्या आणि माती लावायच्या आधीच फांदीवर वळवून घ्या. नंतर वाकवलीत तर शाडू तडकणारच. डोकं खाली लोंबतं ठेवा, हा साप असाच लटकून सरड्यांची वाट बघतो. शाडूत भिजवलेल्या कागदाचा लगदा आणि थोडं फेविकॉल मळा, अंग करंगळीएवढंच ठेवा.

आता नाक. इथे घाई नको. दोघांच्याही नाकावर खवल्यांनी झाकलेला मांसल भाग पुढे आलेला असतो. नराचा निमुळता, टोकदार. मादीचा चपटा, पानासारखा, कडेला दातेरी. कडुनिंबाचं पान समोर ठेवून टूथपिकने ते दाते एकेक काढा. आत तारेचं टोक हवंच, नाहीतर वाळताना नाक गळून पडतं.

माती ओलसर असतानाच कांद्याच्या गोणीची जाळी अंगावर हलकेच दाबा, खवले सुरेख उठतात. उन्हात अजिबात ठेवू नका, सावलीतच वाळवा.

नर वरून तपकिरी, पोटाकडे पिवळा. दोन रंगांमधली रेघ स्वच्छ दिसू द्या. मादी करडी, ठिपक्याठिपक्यांची. स्पंजने रंग टिपा. वर व्हार्निश नको. चकाकी आली की साप वाळक्या काडीपासून वेगळा दिसतो, आणि त्याचं तर सगळं जगणंच लपण्यावर आहे.

पाटीवर नर-मादी ठळक लिहा. 'विषारी आहे का?' हे प्रत्येक जण विचारणार, म्हणून तेही लिहा: विषदंत जबड्यात मागे असतात, चावला तर दुखतं, पण माणूस दगावत नाही.