मॉडेल गाड्या : या चुका टाळा, निदान मे महिन्यात तरी

"रंग दहा मिनिटांत खडखडीत वाळला होता, मग सुरकुतला कसा?" उन्हाळा लागला की हा प्रश्न घेऊन कुणी ना कुणी येतंच. हातात १/२४ नाहीतर १/२५ ची (म्हणजे खऱ्या गाडीच्या तेवढ्या पट लहान) प्लास्टिकची मॉडेल गाडी आणि बॉनेटवर सुरकुत्यांचं जाळं. उत्तर ठरलेलं आहे. रंग वाळला नव्हताच, वर नुसती साय धरली होती.

सोलापुरात एप्रिल-मेमध्ये पारा ४० च्या वर आणि हवा कोरडी. वरच्या थरातलं थिनर झटकन उडतं, पण खालचं आत कोंडून बसतं. त्यावर लगेच दुसरा जाड कोट मारला की त्यातलं थिनर खालच्या कच्च्या रंगात शिरतं आणि रंग गोळा होतो. खाली इनॅमल (सावकाश वाळणारा तेलकट रंग) आणि वर लॅकर (झटपट वाळणारा, जहाल थिनरचा रंग) असेल तर विचारूच नका. लॅकरवर इनॅमल चालतं, इनॅमलवर लॅकर चालत नाही. हे माझ्या टेबलासमोर भिंतीवर लिहून ठेवलंय. लोक ते वाचतात आणि घरी जाऊन उलटंच करतात.

माझी कसोटी घड्याळाची नाही, नाकाची. पार्ट नाकाशी धरायचा. रंगाचा वास येतोय तोवर तो ओला आहे, बोटाला काही का लागेना. लॅकरचा वास एखाद-दोन दिवसांत जातो, इनॅमलला आठवडा आणि कधी त्याहून जास्त लागतो. ज्यांना रविवारी पोह्यांनंतर रंगवून जेवणाआधी रबिंग करायचंय त्यांनी तयार डायकास्ट, म्हणजे धातूची ओतीव रंगवलेली गाडी, विकत घ्यावी. त्यात कमीपणा काही नाही.

वाळवायची घाई म्हणून गच्चीत पत्र्यावर बॉडी ठेवणारेही भेटतात. किटचं, म्हणजे सुटे भाग जोडून गाडी करायच्या संचाचं, प्लास्टिक म्हणजे पॉलिस्टायरिन. मेच्या उन्हात तापलेल्या पत्र्यावर त्याचे खिडक्यांमधले बारीक खांब वाकतात आणि मग दार बसत नाही. स्प्रेसुद्धा दुपारी नकोच. थेंब गाडीवर पोचायच्या आत हवेतच वाळतात आणि पृष्ठभाग खरबरीत होतो. सकाळी सहाला उठा. ते जमत नसेल तर दिवाळीपर्यंत थांबा.

आता छप्पर कापण्याबद्दल. हॉट रॉड, म्हणजे कापून-सुधारून वेगवान केलेली जुनी गाडी, म्हटलं की प्रत्येकाला १९३२ ची फोर्डच हवी. त्याला कारण आहे. त्या वर्षी फोर्डनं स्वस्त गाडीत व्ही-८ इंजिन दिलं आणि पुढे अमेरिकेतल्या पोरांनी त्या गाड्या कापून, खाली बसवून पळवल्या. ठीक. पण किट उघडल्याच्या दिवशीच करवत? एका पॉलिटेक्निकच्या पोरानं तेच केलं. त्याला ३ इंची चॉप हवा होता, म्हणजे खांब कापून छप्पर तेवढं खाली आणायचं होतं, म्हणजे १/२५ मध्ये जेमतेम ३ मिलिमीटर. माप बरोबर घेतलं, कापलं मात्र घरातल्या हॅक्सॉ ब्लेडनं. ते ब्लेड प्रत्येक कापात स्वतःच्या जाडीएवढं प्लास्टिक खातं, हे त्याच्या गावीही नव्हतं. खांबावर मास्किंग टेपची रेघ नव्हती, म्हणून चारही खांब चार उंचीचे झाले. मग फटी बुजवायला एनसी लांबी (गाड्यांच्या रंगकामातली नायट्रोसेल्युलोजची पुट्टी), एकाच दमात, भरघोस. उन्हाळ्याचे दिवस, वरून लगेच टणक. संध्याकाळी घासली, रात्री प्रायमर, दुसऱ्या दिवशी लालभडक रंग. गाडी दिसली झकास, आणि साहेबांनी ती अख्ख्या सात रस्ता चौकाला दाखवली.

महिना उलटायच्या आत लांबी खाली बसली. प्रत्येक खांबावर, नेमक्या कापाच्या जागी, आडवी रेघ. एनसी लांबी थिनर उडून वाळते. थिनर गेलं की ती आक्रसणारच, आणि जितकी जाड तितकी जास्त. त्यात काचेचा पार्ट कापायचं राहूनच गेलं होतं, तो आत मावेना.

सगळा रंग काढून परत केलं. फटीत लांबी नाही, प्लास्टिकच्या पट्टीचा तुकडा लिक्विड सिमेंटनं, म्हणजे मॉडेल जोडायच्या पातळ द्रावणानं, बसवला, म्हणजे दोन्हीकडचं प्लास्टिक विरघळून एकजीव होतं. उरलेल्या खड्ड्यात एम-सील. ते दोन भाग मिसळून रासायनिक क्रियेनं घट्ट होतं, उडून जाणारं त्यात फारसं काही नाही, म्हणून ते बसत नाही. लांबी फक्त ओरखड्यांना, पातळ, आणि थरांमध्ये वेळ देऊन. करवत बारीक दातांची, पातळ पात्याची रेझर सॉ. आणि पहिल्या चॉपला १९४९ ची मर्क्युरी घेऊ नका. तिचे खांब इतके तिरके आहेत की छप्पर खाली आणलं की ते पुढून मागे आखूडही पडतं, मधून कापून वाढवावं लागतं.

आपल्या गावाची खास चूक म्हणजे टॉवेल. सोलापुरी टॉवेल अंग पुसायला उत्तम, पण प्रायमर मारण्याआधी बॉडी त्यानं पुसली की टेरीचे तंतू रंगात कायमचे. पूर्व भागात शेजारी यंत्रमाग असेल तर हवेतच सूत उडत असतं. मी पुठ्ठ्याच्या खोक्यात रंगवतो. तळाला ओला पेपर, पंखा बंद, खिडकी उघडी, तोंडाला मास्क. रंगवून झालं की वर दुसरं खोकं उपडं. बंद बाथरूममध्ये जाऊन स्प्रे मारायची टूम निघाली आहे. तिथे गॅस गिझर असेल तर थिनरची वाफ आणि ज्योत एका खोलीत आणू नका. पावसाळ्यात तर त्या दमट हवेत लॅकर पांढरं पडतं, ते वेगळंच.

बाकीचं भराभर सांगतो. काचेला इन्स्टंट ग्लू नको, त्याच्या वाफेनं काच धुरकट होते. फेव्हिकॉलचा ठिपका पुरतो, वाळल्यावर दिसतही नाही. क्रोमवर किंवा रंगावर सिमेंट धरत नाही, जोडाची जागा आधी खरवडा. किट उघडलं की पार्ट भांड्याच्या साबणानं धुवा, साच्यातलं तेलकट राहिलेलं असतं. शेंगा चटणी खाल्लेले हातही त्याच वेळी धुवा. खऱ्या गाड्यांच्या टच-अपचा स्प्रे उघड्या प्लास्टिकवर थेट मारू नका, त्यातलं थिनर प्लास्टिक खातं. आधी प्रायमरचे दोन-तीन हलके कोट.

डायकास्टचा रंग काढायला संडास धुवायचं अ‍ॅसिड वापरणारे वीर आहेत. ती बॉडी जस्ताच्या मिश्रधातूची असते. अ‍ॅसिडमध्ये रंग जातो आणि पाठोपाठ दारांच्या रेघाही. पेंट रिमूव्हर घ्या, हातमोजे घाला, आणि काच-सीट आधी बाहेर काढा.

आणि बोअरच्या पाण्यात वॉटर पेपरनं घासून गाडी तशीच वाळवली तर क्षारांचे पांढरे ठिपके राहतात, डीकलच्या (पाण्यात भिजवून चिकटवायच्या चित्राच्या) कडेलाही तेच. शेवटचं धुणं आणि डीकल भिजवणं डिस्टिल्ड वॉटरमध्येच करा. बॅटरीच्या दुकानात कॅन मिळतो, उरलेलं पाणी इन्व्हर्टरला घाला.