ल्युपस, ऊन आणि ऑफिसची खिडकी : माझा अनुभव

ल्युपस (प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटते तो आजार, उन्हाने वाढतो) म्हटलं की सगळे सांगतात ऊन टाळा, पण पुण्यात स्कूटीवर ऑफिसला जाणाऱ्या बाईने नेमकं करायचं काय? मला तर ऑफिसात खिडकीशेजारी बसूनच त्रास व्हायचा, एसी चालू, काच बंद, तरी संध्याकाळी गाल लाल आणि मग पुढे बोटांचे सांधे असे धरायचे की कुकरचं झाकण लागेना. स्किनच्या डॉक्टरांनी सांगितलं, उन्हातल्या अतिनील किरणांचे यूव्हीए आणि यूव्हीबी असे दोन प्रकार, काच यूव्हीबी बऱ्यापैकी अडवते पण यूव्हीए आत येतो. लगेच जागा बदलून घेतली. सनस्क्रीन एसपीएफ ५० चं, पण ब्रॉड स्पेक्ट्रम (म्हणजे दोन्ही किरणांपासून बचाव) लिहिलंय का ते बघूनच घेते कारण एसपीएफचा आकडा मुख्यतः यूव्हीबीचा असतो, आणि बाहेर असले की दर २ तासांनी परत लावते, कान आणि मानेसकट. स्कार्फ उजेडात धरला आणि पलीकडचं दिसलं की तो बाद, घट्ट विणीचा गडद सनकोट बेस्ट (लोक हसतात, हसू देत). ढगाळ असलं तरी हेच. ल्युपसचं औषध हायड्रॉक्सीक्लोरोक्विन चालूच आहे, त्यासाठी डोळे तपासून घ्यावे लागतात, आणि ऊन टाळतो म्हणून व्हिटॅमिन डी पण डॉक्टरांना विचारून चेक करा.