वितरक बदलल्यावर गाण्यांचे प्ले शून्य झाले: माझा अनुभव

आमच्या भजनी मंडळाचा अल्बम नव्या वितरकाकडे (गाणी ऑनलाइन ॲप्सवर पोहोचवणाऱ्या सेवेकडे) हलवला आणि सगळ्या ट्रॅकचे प्ले शून्य दिसू लागले. नाव, कव्हर तेच ठेवून पाहिलं, जुना बारकोडही टाकला. दोन आठवडे जीव मेटाकुटीला आला. बारकोड अल्बम ओळखतो. पण प्रत्येक ध्वनिमुद्रण ओळखतो आयएसआरसी, म्हणजे त्या ध्वनिमुद्रणाचा स्वतःचा कोड, आणि तो नवा पडला होता.

आधी जुन्या खात्यातून प्रत्येक ट्रॅकचा अक्षरं-अंक मिळून १२ चिन्हांचा आयएसआरसी उतरवला. नव्या खात्यात ‘आधीचा कोड आहे’ निवडून मधल्या रेघांशिवाय भरला. ऑडिओ फाइल तीच दिली. रीमिक्सला नवाच कोड लागतो. आकडे जुळेपर्यंत जुनी प्रत काढली नाही. एकच ट्रॅक अडला: शेवटच्या ५ अंकांत शून्याऐवजी ‘ओ’ पडला होता. तो सुधारल्यावर त्याचेही प्ले परतले.